राउटर घरात, किल्ली कंपनीच्या खिशात

ऑनलाइन गेम खेळणाऱ्या पोरांना या देशात इंटरनेट विकणारे लोक चुकीची वस्तू विकतात आणि ती चुकीची आहे हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. पोरगं तक्रार करतं की गेम अडकतोय, गोळी मारली तरी लागत नाही, भिंतीआड पोचल्यावरही आपण मेलेले दिसतो. उत्तर येतं, शंभर एमबीपीएसचा प्लॅन घ्या. शंभरचा असेल तर तीनशेचा घ्या. तीनशेचा घेऊनही रड तीच राहिली की मग तुमचा लॅपटॉप जुना, तुमच्या घराच्या भिंती जाड, तुमचा गेमच भारी. माझं पोट नेटवर्कच्या कामावर चालतं. दवाखाने, कॉलेजं, पतसंस्था यांच्या तारा ओढण्यात आणि राउटर लावण्यात माझी हयात चालली आहे, त्यामुळे हा धंदा मला आतून माहीत आहे. म्हणून आडपडदा न ठेवता लिहितो. गेमला स्पीड लागत नाही, वेळेवर पोचणं लागतं. या दोन निराळ्या गोष्टी आहेत. त्या एकच असल्याचं भासवून घराघरांतून दरमहा जादा पैसे उकळले जातात.

हिशेब अगदी साधा आहे. व्हॅलोरंट या गेमचा सर्व्हर सेकंदाला १२८ वेळा खेळाची स्थिती ताजी करतो, म्हणजे साधारण दर आठ मिलिसेकंदांनी एकदा. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये हेच सेकंदाला ६४ वेळा होतं. दर वेळी जा-ये करणारं पॅकेट चिमूटभर असतं. कोण कुठे उभा आहे, कुणीकडे बघतोय, ट्रिगर दाबला की नाही, एवढीच माहिती त्यात असते. डोळ्यांना दिसणारं चित्र तुमच्याच मशीनवर तयार होतं, ते तारेतून येत नाही. हा सगळा व्यवहार एक-दोन एमबीपीएसच्या आत आटोपतो. सरकारने २०२३ च्या जानेवारीत ब्रॉडबँडची किमान मर्यादा ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएसवर नेली. त्या किमान मर्यादेतही एक मॅच बसते. मोठा प्लॅन कामाला येतो तो गेम उतरवून घेताना, शंभर जीबीचा अपडेट येऊन पडतो तेव्हा. मॅच सुरू झाल्यावर त्या तीनशेपैकी दोनशे अठ्ठ्याण्णव एमबीपीएस नुसते पडून असतात आणि त्यांचे पैसे तुम्ही भरत असता.

तक्रार नोंदवली की दोन दिवसांनी एक पोरगा येतो. मोबाइल काढतो, स्पीड टेस्ट लावतो, काटा ९६ वर गेला की 'साहेब, स्पीड फुल येतोय' म्हणतो, ओटीपी मागतो आणि तक्रार बंद होते. त्या पोराला मी बोल लावणार नाही. दिवसाला ठरलेल्या तक्रारी निपटायच्या, पगार तुटपुंजा, आणि कंपनीने हातात दिलेलं हत्यार एकच. दोष ते हत्यार देणाऱ्यांचा आहे. स्पीड टेस्ट जवळच्या सर्व्हरशी होते, पुष्कळदा त्याच कंपनीच्या आवारातल्या. ती लाइन किती भरते ते सांगते. लाइन भरलेली असताना एका चिमुकल्या पॅकेटला जाऊन यायला किती वेळ लागतो, हा खरा प्रश्न. बऱ्याच स्पीड टेस्टमध्ये तोही आकडा हल्ली येतो, पण बारीक अक्षरांत खाली कुठेतरी, आणि त्यावर ना तंत्रज्ञ बोट ठेवतो ना ग्राहक. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

माझ्या ताईचं घर कराडला. भाचा व्हॅलोरंट खेळतो, मन लावून खेळतो, आणि त्याच्या लाइनवर रोज संध्याकाळी हाच तमाशा. मी त्याच्या मशीनला तार जोडली, कमांडची काळी खिडकी उघडली आणि सतत पिंग मारत ठेवला, म्हणजे पॅकेट जाऊन यायला लागणारा वेळ मोजत ठेवला. मिलिसेकंदांचे आकडे खाली सरकत होते: १३, १४, १३, १३, १५, १४. कराडहून मुंबईच्या सर्व्हरला यापेक्षा चांगलं काय पाहिजे? मग ताईला म्हटलं, लग्नाचे व्हिडिओ क्लाउडवर चढव. तिने बटण दाबलं. १४, १३, ८८, २१०, ३९५, ४४०, ४३२. भाचा ओरडला, "मामा, हाच! रोज हाच आकडा येतो!" बॅकअप थांबवला आणि पुन्हा १४, १३, १३. तार तीच, बॉक्स तोच, प्लॅन तोच. एका मोबाइलने फोटो चढवायला घेतले की अख्ख्या घराचं नेट अर्ध्या सेकंदाने मागे पडतं. कंपनीच्या कागदावर मात्र ही लाइन ठणठणीत, कारण स्पीड पुरेपूर येतोय.

हे का होतं, ते कळायला अभियंता असावं लागत नाही. ताईच्या लाइनचा अपलोड १० एमबीपीएस आहे. घरातून येणारा माल त्याहून जास्त झाला की बॉक्स तो फेकून देत नाही, आपल्या मेमरीत साठवून रांगेत उभा करतो. अर्धा मेगाबाइट साठला म्हणजे चार मेगाबिट झाले. दहाच्या वेगाने ते बाहेर पडायला चारशे मिलिसेकंद लागतात. एक मेगाबाइट साठला तर आठशे. टोलनाक्यावर चाळीस ट्रक उभे आहेत आणि त्यांच्या मागे एक दुचाकीस्वार तातडीचं औषध घेऊन थांबलाय, तशी गेमच्या पॅकेटची गत होते. रस्ता सहापदरी केला तरी नाक्यावरची खिडकी एकच असेल तर दुचाकीस्वार थांबणारच.

या दुखण्याला नाव आहे, बफरब्लोट. बेल लॅब्जमध्ये काम करणाऱ्या जिम गेटीस यांना ते २०१० मध्ये आपल्या घरच्याच लाइनवर सापडलं. मोठी फाइल चढवताना घरचं नेट निकामी होतंय हे बघून त्यांनी मुळापर्यंत शोध घेतला. मेमरी स्वस्त झाली, बॉक्स बनवणाऱ्यांनी ती बेसुमार भरली, आणि पॅकेट टाकून देणं म्हणजे पाप अशी समजूत करून घेतली. वास्तविक पॅकेट वेळेवर टाकून दिलं तरच पाठवणाऱ्याला कळतं की आता हळू घ्यायचं आहे. इंटरनेटची गर्दी आवरण्याची मूळ रीत १९८८ मध्ये मांडणारे व्हॅन जेकबसन यांनी कॅथलीन निकोल्स यांच्यासह २०१२ मध्ये त्यावर इलाज काढला, कोडेल. रांगेची लांबी मोजत बसू नका, पॅकेट रांगेत किती वेळ अडकलंय ते मोजा, आणि तो वेळ वाढत राहिला तर एखादं टाकून द्या, हे त्याचं मर्म. मग एरिक डुमाझे यांनी प्रत्येक प्रवाहाची रांग वेगळी करून त्याला जोड दिली आणि एफक्यू-कोडेल तयार झालं. २०१२ च्या जुलैत आलेल्या लिनक्स ३.५ मध्ये ते सामील झालं. २०१८ मध्ये ते आरएफसी ८२९० म्हणून रीतसर छापलं गेलं, आणि त्याच वर्षी त्याची सुधारलेली आवृत्ती, केक, लिनक्समध्ये दाखल झाली. हे सगळं फुकट आहे, खुलं आहे. डेव्ह टाट नावाच्या माणसाने यासाठी वर्षानुवर्षं जिवाचं रान केलं, कंपन्यांच्या दारात जाऊन सांगितलं की तुमच्या बॉक्समध्ये हे घाला, लोकांचं भलं होईल. २०२५ च्या एप्रिलमध्ये तो गेला. आणि आपल्याकडे आजही नव्या जोडणीबरोबर जो बॉक्स भिंतीला ठोकला जातो, त्याच्या सेटिंगमध्ये मला हा इलाज क्वचितच दिसतो. दशकभराहून जुना, फुकटचा, सिद्ध झालेला उपाय कपाटात ठेवून लोकांना मोठा प्लॅन विकणं याला मी लबाडी म्हणतो.

ज्याला उपाय करायचा आहे त्याच्यासाठी तो असा. ओपनडब्ल्यूआरटी हे खुलं फर्मवेअर चालेल असा राउटर घ्या, किंवा ज्याच्या माहितीपत्रकात एसक्यूएम (रांग सांभाळण्याची व्यवस्था) असं स्पष्ट छापलंय तो घ्या. संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी तारेने जोडलेल्या मशीनवर स्पीड मोजा. जो येईल त्याच्या ८५ ते ९० टक्के एवढा आकडा राउटरमध्ये भरा, डाउनलोडचा वेगळा, अपलोडचा वेगळा, आणि रांगेसाठी केक निवडा. थोडा वेग मुद्दाम सोडायचा, कारण मग रांग कंपनीच्या आडमुठ्या बॉक्समध्ये न साचता तुमच्या राउटरमध्ये साचते आणि ती कशी चालवायची ते तुम्ही ठरवता. हा आकडाच भरला नाही तर बाकीचं प्राधान्यक्रमाचं सेटिंग फोल आहे. गेमिंग पीसी यादीत सगळ्यात वर ओढून काय उपयोग, जर गर्दी तुमच्या राउटरच्या पुढच्या पेटीत होत असेल? एक गोष्ट मात्र दुकानदार सांगणार नाही, मी सांगतो. हे काम राउटरच्या प्रोसेसरवर पडतं आणि स्वस्त राउटर शंभर-दोनशे एमबीपीएसच्या पुढे धापा टाकतो. तीनशेचा प्लॅन असेल आणि राउटर दीडशेच झेपवत असेल, तर मी बेधडक दीडशेवर लावीन. कराडला तेच केलं, दहाचा अपलोड नऊवर आणला. ताईचे व्हिडिओ चढत राहिले आणि काळ्या खिडकीत १५, १७, १६, १५.

आता 'गेमिंग राउटर' नावाच्या वस्तूकडे वळतो. आठ अँटेना, लाल-निळे दिवे, खोक्यावर ड्रॅगन किंवा कोळी, आणि किंमत साध्या राउटरच्या चौपट-पाचपट. यातल्या मोजक्यांत वर सांगितलेली रांगेची व्यवस्था खरोखर असते, त्यांच्याशी माझं भांडण नाही. बाकीच्यांत 'गेम मोड' नावाचं बटण असतं आणि ते नेमकं काय करतं हे कंपनी छापील पुस्तिकेतही लिहीत नाही. अकरावीतलं पोरगं वाढदिवसाचे पैसे जमवून, आईबापाशी भांडून ही पेटी आणतं आणि पिंग होता तिथेच राहतो. मग त्याला वाटतं आपल्यालाच जमत नाही. हे बघून माझा संताप होतो. पोराच्या स्वप्नावर हात मारून कमावलेला हा पैसा आहे.

त्याहून भयंकर ती व्हिडिओंची जत्रा. 'डीएनएस बदला, पिंग शून्य करा.' डीएनएसचं काम सर्व्हरच्या नावावरून त्याचा पत्ता शोधणं. पत्ता एकदा मिळाला, मॅच सुरू झाली की डीएनएस कुणी विचारत नाही. पानं उघडायला त्याने किंचित फरक पडेल, मॅचमधला पिंग तसूभर हलणार नाही. दुसरा मंत्र, रजिस्ट्रीत जाऊन नेगलचा अल्गोरिदम बंद करा. जॉन नेगल यांनी १९८४ मध्ये लिहिलेली ती रीत टीसीपीसाठी आहे. व्हॅलोरंट, सीएस २, बीजीएमआय यांची मॅच यूडीपीवर चालते. ज्या गल्लीतून आपण जातच नाही तिथला गतिरोधक फोडून काय होणार? तिसरा मंत्र, विंडोज तुमचं २० टक्के नेट राखून ठेवतं, ते मोकळं करा. ते राखीव तेव्हाच लागू होतं जेव्हा एखादा प्रोग्राम त्याची मागणी करतो, एरवी सगळी लाइन तुमचीच असते. हे व्हिडिओ बनवणाऱ्यांनी लाखो मशीनच्या रजिस्ट्रीत पोरांना हात घालायला लावला आणि बदल्यात जाहिरातीचे पैसे घेतले. एकानेही काळी खिडकी उघडून आधीचा आणि नंतरचा पिंग, भरल्या लाइनवरचा, दाखवायचे कष्ट घेतलेले मला दिसले नाहीत.

आणि अंतर नावाची एक चीज असते, तिच्यापुढे कुणाचंही चालत नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत चार हजार किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे जाऊन यायला चाळीस मिलिसेकंद निसर्गानेच घेतले. समुद्राखालची केबल सरळ रेषेत जात नाही, वाटेत यंत्रं आहेत, त्यामुळे प्रत्यक्षात साठ-सत्तर धरा. कुठलाही राउटर, कुठलंही सॉफ्टवेअर ते चाळीसच्या खाली आणू शकत नाही. ज्या गेमचे सर्व्हर मुंबईत आहेत, त्यांचीच गोष्ट करायची तर कराडच्या पोराला वीसच्या आत पिंग हा हक्काने मिळायला हवा. मिळत नसेल आणि घरातली सगळी उपकरणं बंद असताना, तारेवरही मिळत नसेल, तर रोग घराबाहेर आहे. ट्रेसरूट लावा. पहिली ओळ तुमचा राउटर, एक मिलिसेकंद. दुसरी-तिसरी कंपनीची, पाच-सात. मग अचानक साठ-सत्तरची उडी दिसली तर समजा, तुमचं पॅकेट मुंबईहून मुंबईला जायला परदेशवारी करून येतंय. दोन कंपन्यांनी आपापसात जोडणी करायची नाही, किंवा स्वस्त पडतं म्हणून माल बाहेरून फिरवायचा, आणि त्याचा भुर्दंड ग्राहकाने सोसायचा. देशातला माल देशातच फिरावा म्हणून निक्सी ही संस्था २००३ मध्ये स्थापन झाली. दोन दशकं उलटली तरी अशा ट्रेसरूट माझ्या बघण्यात येतात. हेल्पलाइनला हे सांगून बघा. 'सर, पिंग आमच्या हातात नसतो' हे वाक्य पाठ करून बसवलेली माणसं तिकडे असतात. रस्ता कुठून न्यायचा हे कंपनी ठरवते. मग पिंग तिच्या हातात नसेल तर कुणाच्या हातात आहे?

रात्री आठ ते अकराची गर्दीही त्यातलीच. घरोघरच्या फायबरसाठी वापरल्या जाणाऱ्या जीपॉनच्या एका तंतूवर खाली २.५ गिगाबिटच्या आसपास आणि वर १.२५ गिगाबिट एवढी क्षमता असते, ती स्प्लिटर लावून ३२ किंवा ६४ घरांत वाटलेली. त्यात प्रत्येकाला तीनशे, पाचशे विकायचे आणि त्याच्या वर मुख्य लाइन तोकडी घ्यायची. सकाळी दहाला स्पीड टेस्ट करून जाणाऱ्याला हे कधीच दिसणार नाही.

आता या लेखाच्या मथळ्यावर येतो. वर मी सेटिंग सांगितलं, पण ते करायला स्वतःच्या राउटरमध्ये शिरता तर आलं पाहिजे. जोडणीबरोबर आलेल्या बॉक्सच्या पाठीवर जे नाव-पासवर्ड छापलेले असतात ते वापरून आत जा. वायफायचं नाव बदलता येतं, वायफायचा पासवर्ड बदलता येतो, संपलं. पोर्ट, ब्रिज मोड, फायरवॉल ही पानं एकतर दिसत नाहीत किंवा राखाडी पडलेली असतात. खरा ॲडमिन पासवर्ड मागितला की 'कंपनी पॉलिसी नाही, सर.' कुणीतरी इंटरनेटवरून तो शोधून आत शिरला, तर दूरवरून बॉक्स हाताळण्याची टीआर-०६९ नावाची व्यवस्था आहे, तिच्यातून रात्रीत पासवर्ड बदलतो आणि तुमचं सगळं सेटिंग पुसलं जातं. माझ्या स्वतःच्या घरी हे झालंय. बॉक्स माझ्या भिंतीवर, वीज माझी, अनामत माझी, आणि त्याच्यात माझ्या घरासाठी काय असावं ते ठरवणारा माणूस कुठल्यातरी शहरात खुर्चीवर बसलेला.

वैतागून लोक कंपनीच्या बॉक्सला स्वतःचा राउटर जोडतात आणि दुहेरी नॅटच्या जाळ्यात सापडतात. घरातल्या पत्त्याचं भाषांतर एकदा तुमचा राउटर करतो, पुन्हा कंपनीचा बॉक्स करतो, आणि एक्सबॉक्स म्हणतो नॅट स्ट्रिक्ट, प्लेस्टेशन म्हणतो टाइप ३. मित्राच्या पार्टीत आवाज जात नाही, लॉबी जुळत नाही. याचा उपाय ब्रिज मोड: कंपनीचा बॉक्स फक्त प्रकाशाचं विजेत रूपांतर करेल, पीपीपीओईचं नाव-पासवर्ड आणि व्हीलॅनचा क्रमांक तुमच्या राउटरमध्ये जाईल. दहा मिनिटांचं काम. ते मिळवायला लोकांना आठवडे फोन करावे लागतात, आणि शेवटी गावातला केबलवाला ओळखीचा निघाला तर होतं.

ब्रिज झालं तरी पुढे आणखी एक भिंत असते. राउटरच्या पानावर वॅनचा पत्ता बघा. तो १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या पट्ट्यात असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. शेकडो घरं एकाच सार्वजनिक पत्त्यामागे कोंबलेली. मग पोर्ट ३०७४ उघडा, पोर्ट आपोआप उघडणारं यूपीएनपी चालू करा, काहीही करा, बाहेरचा माणूस तुमच्या दारापर्यंत पोचूच शकत नाही. आयपीव्ही४ पत्त्यांचा तुटवडा खरा आहे. आशिया-पॅसिफिकचा साठा २०११ च्या एप्रिलमध्येच तळाला गेला आणि हा १०० चा पट्टा २०१२ मध्ये खास याच कामासाठी राखला गेला. तेव्हा सीजीनॅट वापरलं म्हणून मी कंपनीला गुन्हेगार म्हणत नाही. विकताना ते लपवलं, म्हणून म्हणतो. आयपीव्ही६ पूर्ण दिलं असतं तर निम्मं दुखणं गेलं असतं. ते न देता स्टॅटिक आयपीचे वेगळे पैसे मागतात. आधी दार बंद करायचं आणि मग ते उघडायची फी लावायची.

इथे एक इशारा देणं भाग आहे, कारण वैतागलेली पोरं सगळी दारं सताड उघडून टाकतात. पीसी डीएमझेडमध्ये, म्हणजे राउटरच्या फायरवॉलबाहेर, टाकू नका, कधीही नाही. घरात स्वस्तातले कॅमेरे असतील तर यूपीएनपी बंद ठेवा आणि गेमला लागतो तेवढाच पोर्ट हाताने उघडा. आणि राउटर असो की कॅमेरा, कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. २०१६ चा मिराय हा बॉटनेट असल्याच पासवर्डांवर पोसला, जगभरातले कॅमेरे आणि राउटर त्याने गिळले. तो लिहिणारे अमेरिकेतले तरुण माइनक्राफ्टच्या सर्व्हरांच्या धंद्यात गुंतलेले होते, प्रतिस्पर्ध्यांचे सर्व्हर पाडायला त्यांना फौज हवी होती. त्याच मिरायच्या जोरावर २१ ऑक्टोबर २०१६ ला डाइन या कंपनीवर हल्ला झाला आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससकट अर्धं इंटरनेट आडवं झालं. कंपन्या हेच उदाहरण देऊन सांगतात की म्हणूनच आम्ही ॲडमिन पासवर्ड देत नाही. हा युक्तिवाद मला मान्य नाही. हजारो बॉक्सना एकच पासवर्ड ठेवणारे तेच, वर्षानुवर्षं फर्मवेअर न बदलणारे तेच. मालकाला बाहेर ठेवून घर सुरक्षित होत नाही.

वायफायबद्दल थोडक्यातच बोलतो. खेळायचं असेल तर तार टाका. वायफायवर एका वेळी एकच बोलतो, बाकीचे थांबतात, आणि शेजारच्या सहा घरांचे राउटर त्याच हवेत असतात. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांच्या पायात न येणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११, आणि मायक्रोवेव्हही त्याच पट्ट्यात ओरडतो. तार शक्यच नसेल तर ५ गिगाहर्ट्झ आणि राउटर त्याच खोलीत. पण बॉक्स लागतो कुठे? दारातल्या चपलांच्या स्टँडवर, कारण तंत्रज्ञाला तार तिथपर्यंतच न्यायची असते. आणि बिल्डर लोकांचा मला खास राग आहे. लाखांचे फ्लॅट विकतात, प्रत्येक खोलीत टीव्हीच्या केबलची नळी भिंतीतून नेतात, एसीचा पॉइंट देतात, आणि लॅनची तार एकाही खोलीत नसते.

हे सगळं बोलायला लागलं की वडीलधारे म्हणतात, 'गेमसाठीच ना? बरंच झालं, अभ्यास तरी करेल.' याच वाक्याच्या आडोशाने कंपन्यांचं फावतं. भाच्याला गोळी चुकवणारे ते चारशे मिलिसेकंदच ताईच्या पुण्यातल्या लेकीशी व्हिडिओ कॉलवर बोलणं तोडतात, घरून काम करणाऱ्याची मीटिंग अडकवतात, डॉक्टरांशी ऑनलाइन बोलणाऱ्या आजोबांना 'हॅलो, हॅलो' करायला लावतात. गेमरला ते आधी दिसतं, कारण तो पिंगचा आकडा समोर ठेवून बसलेला असतो. घरात कुणालाच न कळलेला आजार तो ओळखतो आणि त्यालाच आपण उडाणटप्पू ठरवतो. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने ई-स्पोर्ट्सना क्रीडा मंत्रालयाच्या छत्राखाली घेतलं, २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धांत त्यांना पदकं होती, २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आणि ई-स्पोर्ट्सना मान्यता दिली. मान्यता दिलेला खेळ तालुक्याच्या गावातून खेळायचा कसा, ते सरकारने कंपन्यांना विचारावं. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०२४ च्या सेवा-गुणवत्तेच्या नियमांत लेटन्सी आणि पॅकेट लॉस हे निकष आहेत. पण ते मोजले जातात कंपनीच्या जाळ्यात. ताईच्या बॉक्समध्ये रांग तुंबली तर कुठल्याच तक्त्यात त्याची नोंद होत नाही.

जर्मनीत १ ऑगस्ट २०१६ पासून कायदा आहे. घरात कुठला राउटर लावायचा ते ग्राहक ठरवतो, आणि जोडणीसाठी लागणारी सगळी माहिती कंपनीने न मागता द्यायची. तिथल्याही कंपन्यांनी सुरक्षेचं, देखभालीचं रडगाणं गायलं होतं. कायदा झाला आणि त्यांचं जाळं कोसळलं नाही. आपल्याकडे तेवढंच हवंय. जोडणीच्या दिवशी ॲडमिन पासवर्ड, पीपीपीओईची माहिती आणि व्हीलॅन क्रमांक कागदावर लिहून द्या. फॉर्मवर छापा की लाइन सीजीनॅटमागे आहे की नाही आणि आयपीव्ही६ मिळेल की नाही. ब्रिज मोड मागितला तर त्याच भेटीत करून द्या. तक्रार बंद करताना तंत्रज्ञाने भरल्या लाइनवरचा पिंग लिहावा आणि त्यावर ग्राहकाची सही घ्यावी. आणि ज्या बॉक्सना झेपेल त्यांत एफक्यू-कोडेल चालू करा. त्यासाठी कुणाच्या दारात माणूस पाठवायची गरज नाही. माझा पासवर्ड बदलायला टीआर-०६९ वरून एका रात्रीत माझ्या घरात शिरता आलं, तर हे फर्मवेअरही त्याच वाटेने एका रात्रीत पाठवता येईल.